शिपवर जाताना गाडी नुसती लावून जाऊ नका

गोव्यात जवळजवळ निम्म्या घरांत चारचाकी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या बाबतीत आपण देशात अगदी वर आहोत, आणि याच गोव्यात वाड्यागणिक एकतरी पोरगा असा असतोच जो शिपवर गेला की सहा-नऊ महिने तोंड दाखवत नाही, कोणी गल्फात, कोणी इंग्लंडात. म्हणजे गाडी घरी आणि चालवणारा भलतीकडे. ती पोर्चमध्ये नाहीतर अंगणातल्या माडाखाली उभी राहते आणि चवथीला मालक आला की बॅटरी डाउन, मागची चाकं जाम, सीटवर पांढरी बुरशी आणि बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. मग घरचे म्हणतात, आम्ही तर दर रविवारी चालू करत होतो रे.

तिथूनच सुरुवात करूया, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या "दर रविवारी पाच मिनिटं चालू करा" नावाच्या सल्ल्याने केलंय. ऐकायला बरोबर वाटतं पण आत काय होतं ते बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं, खरंच, पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि वाफ बनून सायलेन्सरमधून बाहेर पडतो. इंजिन नीट तापलेलं असलं, सायलेन्सर शेवटपर्यंत गरम झाला की ती वाफ वाफ म्हणूनच निघून जाते. पाच मिनिटांत काही तापत नाही, वाफ थंड सायलेन्सरच्या आत चिकटते, पाणी होतं आणि पुढचा आठवडाभर तिथेच बसून पत्रा खातं. थोडं पाणी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्येही जातं, आणि थंड इंजिनात पेट्रोल जास्त फवारलं जातं त्यातलंही थोडं ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची टोपी उघडून आतल्या बाजूला बघा, कॉफीच्या फेसासारखा मळकट थर असेल तर समजा कोणीतरी तुमच्या गाडीवर असं प्रेम करतंय.

बरं, निदान बॅटरी तरी चार्ज होते का? त्याचाही हिशेब करू. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरची मेमरी असली मंडळी थोडा थोडा करंट ओढत असतात. समजा ३० मिलीअँपिअर. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास, आठवड्याला पाच. हॅचबॅकमधली बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत अर्धी आणि दीड महिन्यात रिकामी, आणि यात डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर लावलेला असेल तर आणखी लवकर. आता आयडलवर पाच मिनिटं इंजिन चाललं, आल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरने वीस अँपिअर दिले असं धरलं तरी दीड-पावणेदोन अँपिअर-तास परत आले, त्यातले थोडे स्टार्टरनेच खाल्लेले. गेले पाच आणि आले दीड. दर रविवारी हे असंच, आणि वर बाबा एसी पण लावून बघतात चालतो की नाही.

म्हणून नियम एकच, मधला रस्ता सोडून द्या. घरात लायसन्सवालं भरवशाचं माणूस असेल तर त्याने दोन आठवड्यांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून वीस-पंचवीस किलोमीटर नीट फिरवावी, फोंड्याहून पणजीला जाऊन यावं, डिचोलीहून म्हापशाला जावं, गियर बदलावे, ब्रेक मारावे, एसी लावावा. हे जमत असेल तर खाली लिहिलेल्यातलं निम्मं करायची गरजच नाही. जमत नसेल तर गाडीला हातच लावायचा नाही, व्यवस्थित तयारी करून बंद ठेवायची आणि मालक येईपर्यंत चावी कपाटात. मे महिन्यात आपण पुरुमेंताचं सामान सुकवून, डबे घट्ट करून पावसासाठी भरून ठेवतो ना, आणि मग आखाडात दर दोन दिवसांनी डबा उघडून हवा लागू देत नाही, तसंच हे.

आता तयारी. सगळ्यात आधी जागा, कारण जागा चुकली तर बाकी सगळं फुकट. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, हवेतला दमटपणा तेव्हा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे गाडी मातीवर किंवा गवतावर उभी करू नका, वरून छप्पर असलं तरी खालून ओल चढते आणि चासीस, ब्रेकचे पाइप, सायलेन्सर सगळं त्या ओलीवर राहतं. सिमेंटचा कोबा हवा, नाहीतर निदान चिरे बसवलेलं अंगण. पोर्चच्या पागोळ्या कुठे पडतात ते पावसात आधी बघून ठेवा, बऱ्याच घरांत गाडीचं नाक आत आणि शेपूट बरोब्बर पागोळ्यांखाली असते. माडाखाली तर नकोच, नारळ काचेवर पडला तर काच जाते आणि बॉनेटवर पडला तर बॉनेट. फणसाखाली लावणाऱ्याला काय बोलणार. आंब्याचा चीक रंगावर बसला की निघत नाही. आणि नदीकाठच्या लोकांनी जुलै २०२१ आठवावं, सत्तरीत म्हादईचं पाणी घरांत शिरलं होतं, तेव्हा तुमचं घर सखल जागी असेल तर गाडी उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवून जा, घरच्या म्हाताऱ्या माणसाला रात्री दोन वाजता गाडी हलवायला लावण्यापेक्षा हे बरं.

मग धुणं. वरून चकचकीत करणं हा भाग दुय्यम, खालून धुणं महत्त्वाचं. कळंगुट, कोलवा, मोरजी असल्या किनारपट्टीला राहणाऱ्यांच्या गाडीवर खारी हवा दिवसरात्र मिठाचा बारीक थर चढवत असते आणि मिठाचा एक वाईट गुण असा की हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते आपोआप हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. आपल्याकडे पावसाळा सोडाच, जानेवारीतल्या पहाटेसुद्धा हे होतं. म्हणजे पत्र्यावर मीठ राहिलं तर पत्रा रोज थोडा वेळ खाऱ्या पाण्यात बुडवल्यासारखाच. वॉशिंगवाल्याकडे रॅम्पवर गाडी चढवून चासीस, चाकांच्या वरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा साध्या गोड्या पाण्याने मनसोक्त धुवून घ्या, तिकडे उसगाव-सांखळी बाजूच्यांनी तर मातीचे लाल पोपडे काठीने खरवडून काढायला सांगा कारण ओली माती कमानीत चिकटून राहिली की ओल धरून ठेवते. नंतर अँटी-रस्ट मारून घ्यायचं असेल तर घ्या पण पूर्ण सुकल्यावरच, मिठावर नि ओलीवर कोटिंग मारलं तर गंज आत सुरक्षित राहतो.

धुतल्यावर लगेच गाडी आणून लावायची नाही. अर्धा-पाऊण तास हाणा रस्त्यावर, ब्रेक सुकू द्या, सायलेन्सर तापू द्या. सीटचं ड्रायक्लीनिंग केलं असेल तर दारं उघडी टाकून दोन दिवस उन्हात ठेवा, मॅटच्या खालचा जाड फोम बाहेरून सुका लागतो आणि आत ओला असतो, तीच ओल पुढे सहा महिने काचा बंद करून आत कोंडली की बुरशी येणारच, तिला दुसरं काही लागत नाही.

आता एक जागा जवळून दाखवतो जी नव्वद टक्के लोक कधी बघतच नाहीत. बॉनेट उघडा, पुढच्या काचेच्या खाली जिथे वायपर बसवलेत तिथे काळी प्लॅस्टिकची जाळी दिसेल. पावसाचं काचेवरून ओघळलेलं पाणी त्या जाळीतून खाली पन्हाळीत जातं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून पुढच्या चाकामागे जमिनीवर पडतं. एसीची ताजी हवा पण तिथूनच आत येते. आता अंगणात चिंचेचं झाड असेल तर चिंचेची पानं किती बारीक ते माहीतच आहे, ती जाळीतून सरळ आत पडतात, भिजतात, कुजतात आणि त्या भोकावर चिखलाचं बूच बसतं. मग पाणी पन्हाळीत तुंबतं आणि एसीच्या वाटेने डाव्या सीटच्या पायाशी उतरतं, मालक म्हणतो काच लीक होतेय आणि काचवाल्याकडे जातो. उजेडात बघा, बोट घालून कचरा काढा, मग मगभर पाणी ओता आणि चाकामागे धार पडते का बघा, पडली तर झालं. सनरूफवाल्यांच्या चारही कोपऱ्यांत अशीच बारीक भोकं असतात आणि दारांच्या खालच्या कडेला पण, रबराच्या पट्टीखाली. काम दहा मिनिटांचं आहे आणि एक रुपया खर्च नाही.

आत बुरशी धरू नये म्हणून काय ठेवायचं यावर प्रत्येकाचा आपापला उपाय असतो. कोळसा, मीठ, डांबराच्या गोळ्या. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, ओल त्याने जात नाही आणि वास मात्र असा बसतो की पोरांना गाडीत बसवलं की डोकं धरतात. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात ते खरंच ओल ओढतात, पण ओढलेलं पाणी खाली जमा होतं आणि ते पाणी म्हणजे कडक खारं द्रावण, कार्पेटवर सांडलं तर खालचा पत्रा गंजवेल, म्हणून डबा रुंद टबात ठेवा आणि घरच्या कोणाला तरी महिन्याला ओतून टाकायला सांगा. कोणीच नसेल तर सिलिका जेल बरी, किलोभर घ्या, जुन्या मोज्यांत भरून सीटखाली आणि डॅशबोर्डवर. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे पोट भरलं, ओव्हनमध्ये १२० डिग्रीला सुकवले की परत चालू. काचा पूर्ण बंद, एसीची हवा आतल्या आत फिरण्यावर ठेवलेली. काचा थोड्या उघड्या ठेवाव्या असं परदेशी व्हिडिओत सांगतात ते त्यांच्या कोरड्या गॅरेजला ठीक, आपल्या आखाडात नव्वद टक्के दमट हवा आत घेऊन काय करणार?

सीटवर बिस्किटाचा चुरा, ग्लोव्ह बॉक्समधली खारे शेंगदाण्यांची पुडी, डिकीत विसरलेलं सुकं नुस्तं (सुकी मासळी), सगळं बाहेर काढा, कारण यावरच पुढचा विषय अवलंबून आहे.

उंदीर. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात त्यामुळे त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं, वायर चावतो ती भूक लागली म्हणून नाही. बॉनेटखाली त्याला अंधार, आडोसा, बॉनेटच्या आतलं मऊ पॅडिंग आणि चावायला वायर असं सगळं एकाच ठिकाणी मिळतं. तंबाखूची पानं, फिनेल, स्प्रे, अल्ट्रासोनिक मशीन, मी कशाच्याच विरोधात नाही पण वास आठ-पंधरा दिवसांत उडतो आणि तुम्ही जाणार सहा महिने. टिकणारे उपाय दोनच. एक म्हणजे जाळी, हार्डवेअरच्या दुकानात बारीक भोकांची लोखंडी जाळी मिळते, ती एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या तोंडाला बसवा आणि वर सांगितलेल्या पन्हाळीतून एसीत जायची वाट असेल तिथेही. सायलेन्सरला जाळी लावायचं दुसरं कारण म्हणजे कुंभारीण माशी, तिला असलं नळीचं तोंड दिसलं की मातीचं घर बांधलंच. दुसरा उपाय ऐकायला विचित्र वाटेल, गाडी छपराखाली असेल तर बॉनेट उघडं टाकून जा. उजेड आला, आडोसा गेला की उंदराला तिथे बाळंतपण करावंसं वाटत नाही. भिंतीला टेकून रचलेली लाकडं, सोडणं (नारळाची सालं), जुने टायर गाडीपासून लांब करा, त्याची वस्ती तिथे असते आणि तुमची गाडी हे त्याचं दुसरं घर. आणि जाळ्या जिथे जिथे लावल्या ते कागदावर लिहून कागद स्टीअरिंगला बांधा, नाहीतर सहा महिन्यांनी विसरून तसंच चालू कराल.

बॅटरी काढायचं काम सोपं आहे पण क्रम पाळा. दहा नंबरचा पाना लागतो. आधी मायनस, म्हणजे काळी केबल, मग प्लस. का? तर गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो, आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर डायरेक्ट शॉर्ट, ठिणगी उडते, पाना तापतो. मायनस आधी काढलं की हा प्रश्नच मिटला. बसवताना उलटं, प्लस आधी, मायनस शेवटी. काढण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या: म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का, डिकी बटणावर उघडते का (बॅटरी नसली की ती उघडणार नाही, आत काही ठेवायचं असेल ते आधीच), आणि रिमोटच्या आतली साधी चावी दाराला चालते का. शेवटचं नक्की करून बघा, कित्येकांनी ती चावी आयुष्यात वापरलेली नसते आणि खाऱ्या हवेने दाराचं कुलूप आतून गंजलेलं असतं, थोडा डब्ल्यूडी-फॉर्टी मारून चार वेळा फिरवा.

बॅटरी नुसती काढून ठेवली तरी ती स्वतःची स्वतः हळूहळू उतरते, उकाड्यात जास्तच, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, मग कितीही चार्ज करा ती पहिल्यासारखी होत नाही. मल्टिमीटर लावून बघितलं तर १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे संकटात. म्हणून फुल चार्ज करून ठेवा, आणि घरी कोणी असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चार्जर लावायला सांगा. ऑटोमॅटिक मेंटेनर चार्जर मिळतो, तो भरल्यावर आपोआप कमी व्होल्टेजवर येऊन थांबतो, एका नवीन बॅटरीच्या किमतीपेक्षा स्वस्त आहे. गावात पावसात लाइट जाते-येते तेव्हा चांगल्या कंपनीचाच घ्या, आणि हवेशीर जागी लावा, देवघरात नको.

पेट्रोलबद्दल व्हॉट्सॲपवर फार घबराट आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं हे खरं. पण वीस टक्केवालं पेट्रोल थोडंफार पाणी पोटात सामावूनही घेतं, ती मर्यादा ओलांडली तरच पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. नव्या गाडीची टाकी बऱ्यापैकी सीलबंद असते, त्यामुळे सहा महिन्यांत एवढं पाणी आत जाणं कठीण. टाकी फुल करून ठेवा, म्हणजे आत हवाच कमी आणि हवेबरोबर येणारी ओल कमी, पण पंपाचं नोझल आपोआप थांबल्यावर आणखी दोन लिटर ढोसू नका, वाफा शोषणारा कोळशाचा डबा असतो तो भिजतो. पेट्रोल जुनं होतं, हलका भाग उडतो आणि मागे चिकट राळ राहते, पण सहा महिन्यांपर्यंत गाडी साधारण चालू होते, आल्यावर ताजं पेट्रोल टाकलं की सुधारते. वर्षभर जाणार असाल तर मात्र फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध) घाला आणि घातल्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल.

खरी काळजी दुचाकीवाल्यांनी करावी, त्यातही जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांनी. कार्ब्युरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल राहतं, ते महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं आणि त्याची राळ जेटच्या भोकात बसते, ते भोक केसाएवढं. मग किक मार-मारून पाय जातो. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, किंवा वाटीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका. टाकी लोखंडी असते म्हणून ती मात्र काठोकाठ, रिकामी ठेवलीत तर आतून गंज धरेल. चेनला ग्रीस, मेन स्टँडवर उभी, झालं.

डिझेलवाल्यांना वेगळा त्रास, डिझेलच्या तळाशी पाणी जमलं की त्यावर जिवाणू वाढतात आणि काळी शेवाळी फिल्टर बंद करते. फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा नॉब सोडून पाणी काढा, टाकी फुल करा. युरियाचं द्रावण लागणारी गाडी असेल तर ते आपल्या उकाड्यात वर्षभरसुद्धा चांगलं राहत नाही हे ध्यानात ठेवा.

ऑइल जाण्याआधी बदला, आल्यावर नाही. लोक उलटं करतात, म्हणतात उभीच तर राहणार आहे, नवीन ऑइल कशाला वाया. पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल, काजळी, ओल सगळं असतं आणि ते सहा महिने बेअरिंगांना चोपडून राहतं. कूलंटचंही तसंच, आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून साधं पाणी घालणारे खूप, पण कूलंटमध्ये गंज रोखणारं रसायन असतं आणि गोव्यात त्यासाठीच ते लागतं. विहिरीचं पाणी घातलं असेल तर काढून टाका.

टायर एकाच जागी बसले की खालून चपटे होतात आणि महिन्याला एक-दोन पीएसआय हवा अशीच कमी होते. नेहमी ३२ भरत असाल तर ४० भरा, टायरच्या बाजूला कमाल आकडा छापलेला असतो त्याच्या आत. चाकाखाली फळी. जॅकस्टँडवर चढवायची हौस मला तरी सहा महिन्यांसाठी अनावश्यक वाटते, म्हातारी माणसं आणि पोरं आसपास असलेल्या घरात तर नकोच.

हँडब्रेक ओढून जाऊ नका. ही चूक सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात खर्चिक. मागच्या ड्रममध्ये ब्रेकशू दाबलेला राहतो, दमट हवेने ड्रमला गंज धरतो आणि शू त्याला चिकटून बसतो, मग आल्यावर गाडी पुढे ओढली की मागची चाकं फिरतच नाहीत, घासत येतात, कधी शूचं लायनिंगच उखडतं. पहिल्या गियरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि पुढून-मागून चाकांना चिऱ्याचा नाहीतर लाकडाचा तुकडा लावा. बटणवाला पार्किंग ब्रेक आपोआप लागतो, तो कसा सोडून ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं आणि ते बॅटरी काढायच्या आधी करायचं, नंतर हलणार नाही.

कव्हर घालायचं तर कापडी, हवा खेळणारं. निळी ताडपत्री किंवा प्लॅस्टिक बांधलं की आतली वाफ आतच राहते, आणि वाऱ्याने फडफडून रंगावर ओरखडे येतात ते वेगळेच. छपराखाली असेल तर कव्हर नसलं तरी चालेल, धूळ पुसता येते.

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी थोडक्यात: मोठी बॅटरी शंभर टक्के भरून नको आणि शून्यावर तर नकोच, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, प्लग काढा, सावलीत उभी करा आणि महिन्याला कोणीतरी आकडा बघावा. आतली छोटी बारा व्होल्टची बॅटरी तिच्यातही असते, ती उतरली की एवढी मोठी गाडी उघडतसुद्धा नाही.

कागदांचं जाण्याआधी बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी काढायला थर्ड पार्टी विमा लागतोच, पण घरात उभी आहे म्हणून स्वतःच्या गाडीचा विमा संपू देऊ नका, झाड पडणं, पूर, चोरी हे उभ्या गाडीलाच जास्त होतं. आणि मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, तो पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो. शिपवर नेट मिळेलच असं नाही, म्हणून जाण्याआधीच रिन्यू करा. पीयूसी मध्येच संपत असेल तर जाण्याआधी नवीन काढा.

आल्यावर घाई करू नका. प्रवासातून उतरला, आंघोळ केली, नुस्त्याची कढी जेवलात आणि लगेच चावी फिरवली असं नको. स्टीअरिंगवरचा कागद वाचा, जाळ्या काढा, बॉनेटखाली टॉर्च मारून वायरी बघा, ऑइलची काडी बघा, गाडीखाली जमिनीवर काही गळलंय का बघा. बॅटरी चार्ज करूनच बसवा. चालू झाली की लगेच रेस करू नका, मिनिटभर तशीच राहू दे. पहिले चार-पाच ब्रेक खरखरतील, डिस्कवर गंजाचा पातळ थर असतो तो घासून जातो, पण पेडल मऊ लागलं किंवा खाली गेलं तर तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा. ब्रेक ऑइल पण हवेतली ओल पितं, दोन वर्षं झाली असतील तर बदलून टाका. पुरात गाडी बुडाली होती असं कळलं तर चावीला हातच लावू नका, इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे सगळं सहा महिने ते वर्षभराचं झालं. दोन-तीन वर्षांसाठी जाणार असाल, घरात चालवणारं कोणी नसेल, तर भावनेत अडकू नका, विकून टाका. बंद गाडीची किंमतही उतरतच असते आणि हवा कोणासाठी थांबत नाही. विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि आल्यावर नवीन गाडीला लावता येतं.